टप्प्याचा उजेड

आई-वडील सोडले तर या जगात मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो फ्लॅशवाल्या चाचांचा. जालन्याच्या जुन्या वस्तीत त्यांच्या घराच्या माडीवरच्या खोलीत राहून मी पदवीधर झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे आयुष्यभर कृतज्ञ राहायचं हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. कुणाविषयी, ते नंतर कळलं.

सगळी गल्ली त्यांना फ्लॅशवाले चाचा म्हणायची. अडचण एवढीच होती की त्यांच्याकडे फ्लॅश नव्हता. मग हे नाव कसं पडलं, असं मी खाली बसणाऱ्या शिंप्याला विचारलं. तो सुईतून दोरा ओवत म्हणाला, "अरे, जो मानूस पाच वर्षांपासून नुसत्या पोरी बघून राह्यला, त्याला लोक नवरदेवच म्हनतेत ना? लग्न न्हाई झालं तरी."

चाचा उर्दू शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. हैदराबादच्या भाच्यानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना, चांगला मोठा, चाचांना दिला. आता त्याच्या डोक्यावर बसवायचा वेगळा फ्लॅश तेवढा घ्यायचा राहिला होता. हे 'तेवढं' मी खोलीत राहायला गेलो त्याच्या बऱ्याच आधीपासून राहिलेलं होतं आणि चाचांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार चाचींची होती.

"निकाह के वक्त दस मिनट में मेरे को पसंद करे," त्या मला जेवायला वाढताना म्हणायच्या. "ये बत्ती के वास्ते इत्ते साल!"

"तवा माहिती वाचायची सोय न्हवती," चाचा शांतपणे उत्तर द्यायचे.

कॅमेऱ्याला स्वतःचा एक छोटा फ्लॅश होता. अंधार दिसला की तो टुणकन वर उडी मारायचा. चाचा त्याला बेडूक म्हणायचे, आणि त्यानं वर येऊ नये म्हणून त्यांनी त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. बेडकाचा गुन्हा असा की तो उजेड सरळ माणसाच्या तोंडावर फेकतो. त्यानं नाक चमकतं, कपाळ पांढरं पडतं, आणि मागं भिंतीवर माणसाच्या सावलीचं भूत उभं राहतं. चाचांच्या भाषेत हा 'फुलटॉस'. चांगला उजेड कसा, तर टप्पा पडून येणारा. म्हणजे फ्लॅशची मान वर करायची, उजेड आधी छतावर आपटायचा आणि तिथून तो मऊ होऊन माणसावर उतरायचा. "उजेडाला पहिलं घरात येऊ दे, बसू दे, पानी पिऊ दे. मंग त्याची मानसाशी गाठ घालून दे," असं ते म्हणायचे. तेव्हा फ्लॅशची मान वळली पाहिजे, ही त्यांची पहिली अट.

यानंतरच्या अटी मला पाठ होत्या, कारण पाढ्यांपेक्षा त्या मी जास्त वेळा ऐकल्या होत्या. मान वरच नाही, बाजूलाही वळली पाहिजे. ताकद इतकी पाहिजे की मशिदीसमोरच्या मैदानात टोकाला उभ्या असलेल्या माणसाची मिशी दिसली पाहिजे. ती मिशी चाचांना कशाला पाहायची होती, ते मी विचारलं नाही. एकदा चमकून झाल्यावर दुसऱ्यांदा तयार व्हायला त्यानं वेळ लावता कामा नये. सेल साधे, किराणा दुकानात मिळणारे चालले पाहिजेत. आणि सर्वात शेवटची, सर्वात कडक अट: उजेड किती द्यायचा ते फ्लॅशनं स्वतः मोजलं पाहिजे. असल्या फ्लॅशला दुकानात 'ऑटो' म्हणतात. चाचांना ऑटोच पाहिजे होता. हातानं अर्धा-पाव ठरवायचा फ्लॅश म्हणजे भाजीबाजार, असं त्यांचं मत होतं.

टप्प्याच्या शास्त्राची झळ सर्वांत आधी मला लागली. चाचांच्या घराच्या भिंती होत्या हिरव्या. हिरव्या भिंतीवर टप्पा पाडला तर उजेडही हिरवा होऊन येणार आणि माणूस शेवाळ धरल्यासारखा दिसणार. म्हणून निदान एक तरी खोली पांढरीशुभ्र पाहिजे, असं ठरलं. ती खोली माझी निघाली. माझ्या परीक्षांच्या आसपासच त्यांना छत पिवळं पडल्याचा साक्षात्कार व्हायचा. मी खाटेवर बसून अर्थशास्त्र वाचतोय, चाचा स्टुलावर उभे राहून चुना मारतायत आणि माझ्या पुस्तकातल्या मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर पांढरे थेंब पडतायत, असं माझं शिक्षण चाललं होतं. फ्लॅश नव्हता. पण तो ज्या छतावर आदळणार होता, ते छत कायम तयार होतं.

मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ, कॅमेऱ्याच्या सामानाचं एक दुकान होतं. मालक मारवाडी, गळ्यात तुळशीची माळ. चाचा महिन्यातून एकदा तरी तिथं जायचे आणि मला सोबत न्यायचे. एकदा त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं अंडं काढलं आणि काचेच्या टेबलावर माझ्या काळ्या चपलेशेजारी ठेवलं. पांढरं फार पांढरं होतं का आणि काळ्यातलं काही दिसतं का, हे एकाच फोटोत बघायचं होतं.

शेठजी एकदम मागं सरकले. "चाचा, ओ चाचा! वर देव आहेत माझे. अंडं कशाला आणलं?"

"खायला न्हाई आणलं. फोटूला आणलं."

"देवाला काय माहीत कशाला आणलं ते? उचला!"

"आणि चप्पल चालती तुमच्या देवाला?"

शेठजींनी जरा विचार केला. "चप्पल पन उचला."

पुढच्या महिन्यात चाचा मुळा घेऊन गेले. मुळ्याबद्दल देवांचं काही म्हणणं नव्हतं. शेठजींनी एकामागून एक फ्लॅश काढले, चाचांनी एकामागून एक मुळ्यावर चालवून बघितले. शेवटी शेठजी म्हणाले, "आज घ्यायचाय का परत बघायचाय?"

"बघू," चाचा म्हणाले.

"मंग मुळा तरी ठेवून जा. भाजी करतो."

आता मूळ गोष्टीवर येतो, कारण हे सगळं नुसतं विनोदी राहिलं असतं तर मी लिहिलं नसतं.

माझ्या आईचा उघड्या डोळ्यांचा एकही फोटो नव्हता. आम्ही अंकुशनगरचे. वडील साखर कारखान्यात कामाला, आई घर सांभाळून लोकांच्या शेतात जायची. फोटो काढायचे प्रसंग मोजके, पण जितके आले तितक्यांत तिचे डोळे मिटलेले. फोटोग्राफर ओरडायचा, "मावशी, डोळे उघडे ठेवा!" ती ताणून ठेवायची आणि नेमक्या क्षणी मिटायची. एका अर्जाला तिचा फोटो लावला तर खिडकीतला माणूस म्हणाला, "जित्या मानसाचा फोटू आना." तो हसला, रांगेतली माणसं हसली, आईही हसली. घरी येऊन तिनं तो फोटो डब्याच्या तळाशी घालून टाकला.

बहिणीच्या लग्नात तर कहर झाला. अल्बमवाल्यानं आपली हुशारी वापरली. आईचे मिटलेले डोळे पाहून त्यानं कॉम्प्युटरवर दुसऱ्याच कुणाचे तरी उघडे डोळे आणून चिकटवले. आईनं अल्बम मांडीवर घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ही कोन बाई माझं लुगडं नेसून बसली?" त्यानंतर कुणी फोटो काढायला लागलं की तिला चुलीवरचं दूध आठवायचं. उन्हाळ्यातही, आमच्याकडे दूध नसतानाही.

हे मी चाचांना सांगितलं. त्यांनी आईचे होते नव्हते तेवढे फोटो मागवून घेतले आणि भिंग लावून तपासले. चिकटवलेल्या डोळ्यांचा फोटो पाहताना तर ते इतके संतापले की चाचींना वाटलं कुणी तरी गेलं.

"तुझ्या आईचे डोळे खराब न्हाईत," ते म्हणाले. "उजेड बदतमीज हाय. तू डिग्री घे. त्या दिवशी तुझ्या आईचा उघड्या डोळ्यांचा फोटू मी काढतो. जबान देतो."

"पण फ्लॅश?"

"फ्लॅश तेवढा ठरू दे."

हे ऐकल्यावर मला एका गोष्टीची खात्री पटली. दोघांपैकी डिग्री आधी मिळणार होती.

माझी डिग्री अडली होती इंग्रजीवर. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्या मुलाला इंग्रजी म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीत पोहणं. पहिल्या वर्षी मी नापास झालो. इकडे चाचांचा फोन फ्लॅशच्या माहितीनं भरलेला, आणि ती सगळी इंग्रजीत. त्यांना ते वाचता यायचं नाही. मग रोज संध्याकाळी खाली बोलावणं यायचं. "ग्रॅज्युएटसाब, या. वाचून राह्यलो आपन."

आपण म्हणजे मी. मी वाचायचो, अडलो की शब्दकोश काढायचो, मराठीत सांगायचो. चाचांना अर्धवट चालायचं नाही. "बराबर सांग. 'बहुतेक असं असंल' हे तुझ्या मास्तरला सांग. मला यंत्र घ्यायचंय." अशा रीतीनं जगात इतर मुलं कथा-कवितांतून इंग्रजी शिकली, मी फ्लॅशच्या माहितीपत्रकातून शिकलो. त्याचा परिणाम दिसलाच. परीक्षेत प्राचार्यांना रजेचा अर्ज लिहायचा होता. मी लिहिला, आणि शेवटी तो ओलाव्यापासून व लहान मुलांपासून दूर ठेवावा, अशी सूचना दिली. तपासणारा दयाळू असावा. मी पास झालो.

शेवटच्या वर्षी, परीक्षा होऊन निकालही लागल्यावर, मी असाच एका ऑटो फ्लॅशचं पुस्तक वाचत होतो. त्यात एक वाक्य आलं. उजेड किती लागेल ते मोजण्यासाठी हा फ्लॅश आधी एकदा बारीक चमकतो आणि लगेच दुसऱ्यांदा मोठा चमकून फोटो घेतो. दोन्हींत अंतर इतकं थोडं की माणसाला ते एकच वाटतं.

चाचांनी हात वर केला. "परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हंजे पहिलं एक छोटा. मंग मोठा."

"हो."

"आणि फोटू कवा निघतो?"

"मोठ्याला."

चाचा उठून उभे राहिले. "मंग बराबर! तुझी आई छोट्यालाच मिटून राह्यली! बाकीच्या लोकांची पापनी सुस्त, तिची चलाख. ह्यो ऑटो पहिले खडा मारून तिला सावध करतो, आणि तिनं डोळे मिटले की मंग फोटू काढतो! बेडूक पन तेच करतो! अल्बमवाला पन तेच करतो!"

आतून चाचींचा आवाज आला. "मैं कब से बोलरी, दो बार चमकता बोलके. तुम बोले, चष्मा बदल."

चाचांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. ते चप्पल शोधत होते.

त्या दिवशी मोंढ्यात शेठजींच्या दुकानात जे झालं ते शेठजी अजून गिऱ्हाइकांना सांगतात म्हणे. चाचा आत आले, मुळा नाही, रुमाल नाही, आणि म्हणाले, "ज्याला अक्कल न्हाई असा फ्लॅश द्या."

"काय?"

"जो स्वतः काही मोजत न्हाई. आपन सांगू तेवढा, एकदाच चमकतो. बस."

शेठजींनी खालच्या फळीवरून एक धुळकट खोका काढला. "चाचा, ह्यो हातानं अर्धा-पाव लावायचा. कुनी घेत न्हाई आता. ताकद कमी. दुसऱ्यांदा चमकायला चहा पिऊन होतो. मान फक्त वर वळते, बाजूला न्हाई."

एवढ्या वर्षांच्या अटींपैकी जवळजवळ एकही अट तो फ्लॅश पुरी करत नव्हता. मैदानाच्या टोकाची मिशी सोडा, ओट्यावरच्या माणसाचीही दिसली नसती. चाचांनी तो मुलीला सासरहून आणावं तसा दोन्ही हातांत धरून घरी आणला.

पदवीदानाच्या दिवशी आई-वडील सकाळच्या गाडीनं आले. वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि सभागृहात ते पूर्ण वेळ उभेच राहिले. खुर्ची रिकामी होती, पण आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटलं नसावं. बाहेर झाडाखाली गाऊन भाड्यानं देणारा होता आणि त्याचाच फोटोग्राफर होता. त्यानं आम्हाला उभं केलं. चमकलं. आईचे डोळे मिटलेले. पुन्हा, पुन्हा मिटलेले. मागं रांग लागली होती.

"मावशी, झोप झाली न्हाई का रात्री?" फोटोग्राफर म्हणाला. रांगेतली माझ्याच वर्गातली मुलं हसली.

आई बाजूला झाली. "तुमी दोघं काढून घ्या बाबा," ती पदर सावरत म्हणाली. "माझं काय, मी हायेच की घरी."

मला त्या क्षणी ती डिग्री कुणाला तरी देऊन टाकावीशी वाटली.

तेवढ्यात चाचा सायकलवरून आले. आल्या आल्या गाऊनवाल्याशी त्यांचं भांडण सुरू झालं. त्यांना गाऊन घरी न्यायचा होता, आणि गाऊनवाला तो झाडाच्या सावलीबाहेर जाऊ द्यायला तयार नव्हता.

"पळून गेले तर?"

"ह्याच्या आंगावर गाऊन हाय. पळताना साऱ्या जालन्याला दिसंल."

शेवटी चाचांनी सायकल तारण ठेवली. ती सायकल पाहून गाऊनवाला फार खूश झाला नाही, पण आम्ही रिक्षात बसून निघालो. मी गाऊन घातलेला, वडील पुढं, आई माझ्या शेजारी, चाचा रिक्षावाल्याला टप्प्याचं शास्त्र समजावत.

माझ्या खोलीत खाटेवर आई मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वडील बसलो. चाचांनी फ्लॅशची मान छताकडे केली आणि बटण अर्ध्यावर आणलं. आईनं हात मांडीवर घट्ट धरले होते. डोळे ताणायला तिनं आत्तापासूनच सुरुवात केली होती.

चाचांनी कॅमेरा खाली घेतला. "ताई, डोळे ताणू नका. तुमाला मिटायचे तवा बिनधास्त मिटा."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"मिटू?"

"मिटा की. तुमचे डोळे हायेत. आमचं काम तुमच्या आधी व्हतंय."

ती जरा हसली. छत चमकलं.

चाचांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत पाहिलं. भिंग आणलं, भिंगातून पाहिलं. चाचींना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि आईच्या डोक्यावरून हात फिरवला. मग चाचा माझ्याकडे वळले.

"ताईचे उघडे हायेत. ग्रॅज्युएटसाब, तुमचे मिटले."

खरं होतं. आईचे मिटू नयेत म्हणून देवाचा धावा करताना मीच डोळे मिटून घेतले होते.

मी म्हटलं, "अजून एक काढा ना."

चाचांनी बटण दाबून पाहिलं. फ्लॅश तयार व्हायला शेठजींनी सांगितलेल्या चहापेक्षा जास्त वेळ लावत होता. "ह्यो आता कवा तयार व्हतो काय म्हाईत. आणि मी तुझ्या आईच्या डोळ्यांची जबान दिल्ती. तुझ्या डोळ्यांची कुठं दिल्ती? जा, गाऊन दे, माझी सायकल आन."

आईला कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. ती म्हणाली, "लई बारीक हाय. मला न्हाई दिसत." आणि गाडी चुकेल म्हणून दोघं निघाले.

आता मी पुण्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणायचं काम करतो. मला हे काम कसं जमतं, असं साहेबांनी विचारलं होतं. मी चाचांचं नाव सांगितलं. कुठल्या विद्यापीठाचे, असं त्यांनी विचारलं.

चाचा दुसरा फ्लॅश निवडतायत. हा पहिला ऐनवेळी घाईत घेतला गेला, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांना फोन लावून उपयोग नसतो, कारण फोन आला की त्यांचा फ्लॅशचा व्हिडिओ थांबतो, म्हणून ते उचलत नाहीत. फोटोची मोठी प्रत मी गावी नेऊन दिली, त्यानंतर त्यांना पत्रच पाठवलं. ते असं:

'आदरणीय चाचा,

सलाम. फोटो गावी पोहोचवला. काच लावून भिंतीवर टांगला आहे. येणारे-जाणारे माझे मिटलेले डोळे बघून हसतात, वडील त्यांना म्हणतात की पोरगं शिकून दमलं.

आईनं फोटो दोन्ही हातांत धरला आणि ओट्यावर उजेडात नेऊन बसली. मला वाटलं आवडला नाही. मी विचारलं तर म्हणाली, चाचाला मी सांगते ते लिही, तुझ्या मनाचं काही घालू नको. म्हणून तिच्याच शब्दांत लिहितो.

"भाऊ, राम राम. मला वाटायचं माझ्याच डोळ्यात कायतरी खोट हाय. आरशात बघायचे, पन आरशात मानूस घाईत बघतो. आता निवांत बघितले. माझे डोळे माझ्या मायसारखे हायेत, बिलकुल तिचेच. माय मी ल्हान आसताना गेली. तिचा एकबी फोटू न्हाई, तिचं तोंड मला आठवत न्हवतं. आता आठवलं."

आपला,
माडीवरचा भाडेकरू'